जास्त झालं की लुकलुकतं

ऑपरेशननंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "काळं काही लुकलुकायला लागलं तर उद्यावर टाकू नका, लगेच या." मला कुणी काही बजावलं की मी मान डोलावते आणि मला करायचं तेच करते. पण हे वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं.

लेकीने तिचा जुना कॅमेरा पाठवून दिला होता, "आई, तुझा वेळ जाईल" म्हणून. वेळ जातो हो, तो काय कुणाच्या बापाचा नोकर आहे थांबायला? तर त्या सकाळी मी ह्यांच्या खुर्चीचा फोटो काढला. हे जाऊन वर्ष उलटलं, खुर्ची अजून खिडकीशीच आहे, मागे पांढरा पडदा. फोटो स्क्रीनवर आला आणि अर्धा पडदा काळा झाला. मग पांढरा. मग पुन्हा काळा.

ऑपरेशनचा डोळा झाकला, तरी लुकलुकतंय. दुसरा झाकला, तरी लुकलुकतंय. म्हणजे दोन्ही गेले, असं माझ्या मनाने घेतलं. भिंतीकडे पाहिलं, तर भिंत स्वस्थ होती. पण घाबरलेल्या माणसाला भिंतीची साक्ष पुरत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून "हो, मलाही दिसतंय" एवढंच म्हणायला हवं होतं. ह्यांनी म्हटलं असतं, वर चार शब्द ऐकवलेही असते.

लेकीला फोन लावला.

"आई, मला इथून कसं कळणार? व्हिडिओवर दाखव."

दाखवायला गेले. एका हातात फोन, एका हातात कॅमेरा. फोटो जरा वेळाने विझायचा आणि परत आणायला बटण दाबावं लागायचं. त्याला तिसरा हात लागतो. पूर्वी आमच्या घरात चार होते.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी करते."

उरले समोरच्या दारातले विमावाले. या माणसासाठी मी दाराची साखळी कधी काढली नव्हती. एकदा आत घेतलं की हा मरणाच्या गोष्टी काढणार, ही भीती. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढवाला काय वाटतं ते मात्र कुणी विचारत नाही. मी बेल दाबली. ते बूट चढवून कामावर निघतच होते.

"हे बघा," मी म्हणाले, "इथं काळं लुकलुकतंय. मला दिसतंय ते तुम्हाला दिसतंय का?"

त्यांनी स्क्रीन जवळ धरली. "दिसतंय की. पडद्यावर."

मी कॅमेरा परत घेऊन पुन्हा एकदा पाहिलं. डोळे शाबूत होते याचा आनंद झालाच, पण खरं सांगायचं तर "दिसतंय की" या दोन शब्दांचा जास्त झाला.

"अहो, हा इशारा आहे," ते म्हणाले. "जिथे उजेड जास्त झाला तिथे कॅमेरा असं करून दाखवतो. त्या जागी फोटोत काही उमटलेलंच नाही, नुसतं कोरं. नंतर कितीही गडद करा, पडद्याची वीण परत यायची नाही. मी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढतो ना, उन्हात बॉनेट असंच लुकलुकतं. तसाच पाठवला तर पोचा दिसत नाही आणि क्लेम अडकतो. मग उजेडाचं हे चाक जरा उणेकडे फिरवायचं आणि पुन्हा काढायचा."

"म्हणजे बिघाड नाही?"

"छे. अडवत नाही, ओरडत नाही. इथं जास्त झालं, एवढंच सांगतो."

मला हसू आलं. आमच्याकडे हे काम ह्यांच्याकडे होतं. चारचौघांत बोलताना माझी गाडी सुटली की हे खाकरायचे. हळूच, एकदा. मी "बरं, बरं" म्हणायची आणि आवरतं घ्यायची. हे मी विमावाल्यांना सांगितलं. मग ऑपरेशनचं सांगितलं, मग लेकीचं, मग ह्यांच्या शेवटच्या दुखण्याचं. ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते, घड्याळाकडे बघत होते. मला दिसत होतं. पण कुणी खाकरलं नाही, आणि मी बोलतच राहिले.

शेवटी तेच म्हणाले, "त्रास होतोय ना याचा? बंदच करून देतो." दोन-तीन बटणं दाबली, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि "येतो हां, काकू" म्हणत जिना उतरले. सज्जन माणूस.

घरी येऊन मी तोच फोटो उघडला. पडदा कोराच होता, फक्त आता काही लुकलुकत नव्हतं. चुकलेलं तसंच होतं, सांगणारं तेवढं गेलं होतं. मला ते बघवेना.

मग चष्मा लावून मेनूत शिरले. तारीख बिघडवली, भाषा बदलली, ती परत आणेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. एकदा तर कॅमेरा सगळे फोटो पुसू का असं विचारायला लागला, त्याला "नको" म्हटलं. जेवण गार झालं. दुपार कलता कलता ती इशाऱ्याची ओळ सापडली. चालू केली आणि पुन्हा खुर्चीसमोर उभी राहून फोटो काढला.

पडदा लुकलुकायला लागला.

"बरं, बरं," मी म्हणाले, आणि चाक उणेकडे फिरवलं.