मृगाखालचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. सोनपेठच्या एका फोटो स्टुडिओत, फुटलेले भिंग घेऊन फळीवर बसलो आहे. उमेदीची वर्षे लग्नांत गेली. हळदीने माखलेले नवरदेव आणि जेवणाच्या पंगती टिपून मी पार विटलो होतो, खरे सांगतो.

मग मालकांची मुलगी महेश्वरी कॉलेजात जाऊ लागली आणि तिने मला आभाळ दाखवले. तिपाईवर बसवून ती माझा डोळा बराच वेळ उघडा ठेवी. माणसाला जिथे नुसता अंधार दिसतो, तिथे मला मृग नक्षत्रातला गुलाबी तेजोमेघ दिसला. मला स्वतःचाच हेवा वाटला! एका फोटोत तो पुसट येतो, म्हणून ती एकामागून एक खूप फोटो काढी आणि कॉम्प्युटरवर ते एकावर एक बसवी. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून तिने बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळला होता.

यंदाच्या हिवाळ्यात गावोगावी एकच बोलणे होते: चोर ड्रोन उडवतात, त्याला लाल दिवा असतो. माणसे काठ्या घेऊन गस्त घालू लागली. महेश्वरी हसली आणि जेवण होताच मला चुलत्याच्या, सांबप्पांच्या, हरभऱ्यात घेऊन गेली. त्यांना सांगितलेही नाही.

मृग नक्षत्र नुकतेच शेजारच्या उसाच्या वर आले होते. पहिल्याच फोटोत उसाच्या कडेला एक बारीक लाल ठिपका आला. पुढच्या फोटोत तो मोठा झाला. विडीचे टोक होते ते! गस्तवाल्यांनी बॅटऱ्या विझवल्या होत्या. ठिपका फोटोगणिक जवळ येत होता. उजेड नको म्हणून महेश्वरीने माझ्या पाठीवरचा, फोटो दाखवणारा स्क्रीन बंद ठेवला होता, आणि ती मान वर करून तारे बघत होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. फार भीती वाटली.

ती माझ्यामागे वाकली आणि तिने लाल बॅटरी लावली.

"त्ये बघा, डोरोन उतरायलाय! हाणा!"

दगड माझ्या भिंगावर बसला. तिच्या कपाळापुढे मी होतो.

"काका, मी हाय! महेश्वरी!"

सांबप्पांच्या तोंडातली विडी गळून पडली. "माय... तू व्हय? म्याच हाणला की गं," म्हणत ते ढेकळांत मटकन बसले.

गस्त अजून चालू आहे. आज महेश्वरी मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन तारे टिपायला येलदरी धरणाकडे निघाली आहे. सांबप्पाही सोबत गेले आहेत, पण तिकडे दोघांनाही ओळखणारे कुणी नाही. मी फळीवरून वाट बघतो आहे.

मित्रांनो, अंधारात लाल दिवा दिसला तर आधी हाक मारा, कोण आहे ते विचारा. दगड दर वेळी काचेवरच बसत नाही.