रांगेत उभा राहणारा गळका डबा

मित्रांनो, मी एक जुना, पत्र्याचा, गळका डबा आहे. पाणी भरायच्या डब्यानेच गळावे आणि वर आपली कहाणी सांगावी, याचे तुम्हाला हसू येईल. मलाही संकोच वाटतो.

पूर्वी माझ्यात तेल होते. घरोघरी भांडी घासणाऱ्या एका बाईने मला दुकानातून आणले आणि कडी बसवून घेतली. चार वर्षे मी पाणी भरले. मग माझे बूड गंजले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दे की भंगारात."

"राहू दे मावशी. रांगेत तरी उभा राहील."

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येई, पण कधी, याचा नेम नसे. रांगेत डबा ठेवला की त्या घरचे माणूस उभे आहे असे सगळे धरत. सकाळी मला रांगेत लावून बाई कामावर जाई, तिची मुलगी शाळेत. टँकर आला की मावशी आमचेही हंडे भरून घेत. "तुझ्या घरात न कुरकुरणारा हा एकटाच," असे त्या म्हणत. तेवढेच माझे कौतुक.

पुढे कोणीतरी दहा-दहा डबे लावून जागा विकू लागला. मारामारी झाली. टँकरवाला म्हणाला, "उद्यापासून डबे नाहीत. ज्याला पाणी पाहिजे त्यानं उभं राहायचं. एका माणसाला एकाच घरचं पाणी."

त्याचे तरी काय चुकले?

बाईने कामाच्या एका घरी मालकिणीला विचारले, "ताई, तुमच्या नळाचे दोन हंडे नेऊ का?"

"माझी ना नाही गं. पण जिन्यात सांडतं, मग खालचे बोलतात."

आठवडाभर बाई स्वतः उभी राहिली. दोन घरची कामे सुटली. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मी थांबते. रांगेतच वाचीन."

पण पुस्तकात डोके घातले की कोणी तरी पुढे घुसे. "वाचतेस काय, सरक पुढं," मागच्या बायका ओरडत. चौथ्या दिवशी तिने पुस्तक आणले नाही. महिन्याने वर्गातली एक मुलगी शाळेचा निरोप घेऊन आली, ही येत का नाही म्हणून. आई म्हणाली, "सांग त्यांना, पुढच्या वर्षी येईल." ते पुढचे वर्षही आता सरले.

मला अजून कोणी टाकलेले नाही. मला उपडा घालून मुलगी रांगेत माझ्यावर बसते. तिचे वजन फार नाही.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शिकवतात. मला नाही जपलेत तरी चालेल. तिच्या जागी मला उभे राहू द्या, एवढे कोणी सांगाल का? पण सांगणार तरी कोणाला?