अंजनाच्या राईतला रस्ता

"मैलाच्या दगडाचं डोकं नारंगी आहे. म्हणजे गावसडक. राज्यमार्ग नव्हे," धुळ्याच्या हिलाल नानांनी लिहिलं होतं.

त्याखाली कुणीतरी लिहिलं, "माती तांबूस असली तरी कोकण वाटत नाही." आणि त्याखाली आणखी कुणी, "झाडं बघा. साग नाही तो, अंजन आहे. कोवळी पालवी कशी तांब्यासारखी दिसतेय. सातपुडाच."

हेमांगी दवाखान्याच्या पायरीवर बसून एकेक ओळ वाचत होती. सकाळी फोटो टाकला तेव्हा तिला मौज वाटली होती. आता ऊन कललं होतं, आणि प्रत्येक नव्या ओळीसरशी कुणीतरी एकेक पाऊल टाकत जवळ येतंय असं वाटू लागलं होतं.

फेसबुकवर 'ओळखा रस्ता' नावाचा ग्रुप होता. कुणी घाटाचा, कुणी तळ्याकाठच्या वळणाचा फोटो टाकायचं आणि बाकीच्यांनी झाडं, खांब, माती बघून ठिकाण ओळखायचं. हेमांगी त्यात आली ती पारोळ्याला, सासरी असताना. नवऱ्यानं, प्रेमराजनं, लग्नानंतर तिची नर्सची नोकरी सोडवली. मग माहेरचे फोन बंद केले. भाजी आणायलाही तो बरोबर असे. दुपारी तो दुकानावर गेला की ती रस्ते बघत बसायची. घराबाहेर पडायला तेवढीच एक वाट होती.

एकदा भाकरी करपली म्हणून त्यानं तिचा हात तव्यावर दाबून धरला. पुढच्या बाजाराच्या दिवशी, तो दुकानातल्या गर्दीत अडकलेला असताना, ती प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन निघाली. मोबाइल त्याच्याकडेच राहिला. तो पहूरला तिच्या आईकडे जाऊन उंबऱ्यावर ठाण मांडून बसला. आईला काही माहीत नव्हतं, म्हणूनच तिला खोटं बोलावं लागलं नाही. जुन्या मैत्रिणीच्या ओळखीनं हेमांगीला शिरपूरच्या वर, जांभळीपाड्याच्या दवाखान्यात काम मिळालं. इथं तिला सगळे सिस्टरच म्हणत. कुठून आलीस, असं कुणी खोदून विचारलं नाही.

मागच्या आयुष्यातलं तिला काही नको होतं, फक्त त्या ग्रुपची आठवण यायची. शेवटी ती 'रानवाट' अशा नावानं पुन्हा त्यात शिरली. बरेच दिवस नुसती बघत राहिली. आज मात्र, खालच्या पाड्यावरून लस देऊन परतताना अंजनाच्या राईत ऊन असं काही उतरलं होतं, की तिला राहवलं नाही. 'आज या वाटेनं आले,' एवढंच लिहून तिनं फोटो टाकला.

तिनं बोट वर सरकवलं. फोटोखाली अंगठे दाखवणाऱ्यांची नावं होती. त्यात एक नाव होतं, हेमांगी प्रेमराज पाटील. शेजारी लग्नातल्या शालूतला तिचाच चेहरा.

क्षणभर तिला काही कळेना. मग लक्षात आलं. जुना मोबाइल त्याच्या हातात होता, जुनं खातं त्याच्या हातात होतं, आणि तिच्याच चेहऱ्यानं तो तिच्याकडे बघत होता.

तिनं फोटो पुसून टाकला. थोड्या वेळानं तोच फोटो पुन्हा दिसला. या वेळी नानांनी टाकला होता. "ताईंच्या हातून चुकून पुसला गेला वाटतं. मी जपून ठेवला होता. डाव्या कोपऱ्यात निळा डबा बघा, लसीचा आहे. म्हणजे ताई नर्स असणार. आणि त्या भागात अंजनाची एवढी दाट राई एकाच ठिकाणी आहे. जांभळीपाड्याचा रस्ता. पैज लावतो."

"वा नाना," लोक लिहीत होते. तिनं नानांना वेगळा निरोप पाठवला, "काका, हात जोडते, तो फोटो काढून टाका." त्यांनी तो पाहिलाच नाही. तेवढ्यात शालूतल्या चेहऱ्याशेजारी एक ओळ उमटली.

"छान ओळखलंत नाना. जाऊन बघायला हवं."

रात्रभर तिनं कडीकडे बघत काढली. उजाडताच पिशवी भरली आणि रुपसिंगच्या जीपजवळ येऊन उभी राहिली. ती जीप सकाळी शिरपूरला जायची.

रुपसिंग टायर बघत होता. पिशवीकडे पाहून म्हणाला, "सिस्टर, आज तं सुया देवाना दिन शे ना? वरल्या पाडासन्या बाया कवयच्या येई बठन्यात."

तिनं मागं वळून पाहिलं. अंगणवाडीच्या ओट्यावर बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काही जणी अंधारातच डोंगर उतरून आल्या असतील. पायांवर धूळ होती. एकीनं तिला बघून बाळाचं टोपडं सारखं केलं.

"तू जा," ती रुपसिंगला म्हणाली, आणि पिशवी खोलीत ठेवून आली.

काम सुरू झालं. नेहमी तिचा हात इतका हलका, की पोराला रडायला उशीर व्हायचा. आज सुई भरताना बोटं ऐकत नव्हती. दूरवर गाडी वाजली की ती थांबायची. दुधाची मोटारसायकल गेली. वाळूचा ट्रॅक्टर गेला. पाड्यावरची आशासेविका दिवालीबाई शेजारी बसून नावं सांगत होती. तिनं शेवटी हळूच विचारलं, "काय व्हयनं सिस्टर? तुना हात कापी राहिना."

"काही नाही. पुढचं बाळ घे."

तेवढ्यात वळणावर धूळ उठली आणि धुळीतून पांढरी गाडी निघाली. प्रेमराजची गाडीही पांढरीच होती. गाडी हळू झाली, माणसं बघत बघत आली आणि ओट्यासमोर थांबली. हेमांगीनं हातातली सुई खाली ठेवली. पळायला हवं म्हणून ती उठली, पण पुढं गेलीच नाही.

दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग एक म्हातारे गृहस्थ. पलीकडून त्यांची बायको उतरली.

"जांभळीपाडाच ना हा?" गृहस्थ हसत म्हणाले. "बघ सुनंदा, मी म्हणत नव्हतो? सेम वळण. आणि तुम्हीच त्या ताई असणार. मी हिलाल, धुळ्याचा. तुमच्या फोटोनं झोप लागू दिली नाही बघा."

हेमांगी पुन्हा खाली बसली. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती बोलू लागली. पारोळ्याचं, तव्याचं, जुन्या मोबाइलचं, त्या एका ओळीचं. इतके दिवस जे कुणाला सांगितलं नव्हतं ते भर ओट्यावर, बायकापोरांसमोर, ती सपाट आवाजात सांगत गेली.

नाना मधेच हसायचे थांबले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "मी आत्ता पुसतो. आत्ताच."

"पुसून काय होणार काका? त्यानं वाचलंय."

"मला वाटलं..." ते म्हणाले. मान खाली घालून काठीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "शिरपूरला पोलिसांत जाऊ. मी येतो बरोबर. माझ्यामुळे झालं, ते मी तिथं सांगेन."

"जाऊ. एवढी मुलं झाली की जाऊ."

दिवालीबाई उठली. बायकांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. दोघीतिघी उठून ओट्याच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला येऊन बसल्या. मग ती हेमांगीकडे वळली. "आते आमले माहीत पडनं. कोनी उना ते आमना दारवरथीनच येई ना? तू तुनं काम कर."

सुनंदाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काही न विचारता हेमांगीजवळ येऊन बसल्या. पुढचं बाळ त्यांनी मांडीवर घेतलं, त्याचे पाय धरले. "दे," त्या म्हणाल्या.

हेमांगीनं नवी सुई घेतली. तिनं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं, श्वास सोडला आणि टोचली. बाळ कळवळून रडलं. दिवालीबाईनं पुढचं नाव सांगितलं.

नाना मात्र ओट्यावर चढले नाहीत. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, बायकांकडे पाठ करून. ज्या वळणासाठी ते धुळ्याहून आले होते ते समोर होतं. अंजनाची पालवी उन्हात तांब्यासारखी झळकत होती. नाना झाडांकडे बघत नव्हते. धूळ कुठून उठते का, एवढंच ते काठीवर भार देऊन बघत होते.