डाव्या पायाचे नमुने

दोष तुमचा आहे, वरच्या मजल्यावर बसून परिपत्रकं काढणाऱ्यांचा. आणि नोटीस बजावलीत कुणाला? सहा वर्षं तुमच्या कारखान्यात बुटांचं चामडं कापणाऱ्या आणि सहा वर्षं ‘तात्पुरती’ म्हणूनच हजेरी लावणाऱ्या बाईला. त्या दिवशी काय घडलं ते तुम्ही गोडबोल्याच्या तोंडून ऐकलंत. आता सरळ ऐका.

गोडबोल्या म्हणजे तुमचा विक्रीचा साहेब. नाव आमच्या कटाई विभागाने ठेवलंय, आणि ते त्याला नमुन्याच्या बुटासारखं बरोबर बसतं.

एका मोठ्या इस्पितळाला नर्सांसाठी बाराशे जोड बूट हवे होते. बुटाची घडण या बाईची, हिची. हिची ताई नर्स. ड्युटीवरून आली की ती टबात पाय सोडून बसायची आणि बोटं मोजायची, दहाच्या दहा आहेत ना म्हणून. ते बघून हिने रद्दी चामड्यातून एक जोड बनवला, ताईला घालायला लावला, उसवला, पुन्हा शिवला. असं सात वेळा. मग तो कंपनीला दाखवला. मॅनेजर चार माणसांसमोर म्हणाले, “हे काम मिळालं की तुला कायम केली म्हणून समज.”

सादरीकरण अर्थात गोडबोल्या करणार होता. हिने फक्त नमुन्यांची पिशवी उचलायची होती.

निघताना ती म्हणाली, “साहेब, चित्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊ या का? निदान कागदावर तरी?”

“प्रती काढायला बंदी आहे, परिपत्रक वाचलं नाहीस? सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, तिथूनच उघडायचं.” मग ड्रायव्हरकडे बघून हसला. “पायातली वहाण पायातच बरी, काय?”

ड्रायव्हर हसला नाही. तो गाडी मागे घेत होता.

इस्पितळाची बैठकीची खोली तळघरात, एक्स-रे विभागाला लागून. भिंती हातभर जाड. समोर तिघं बसलेले: मेट्रनबाई, हाडांचे डॉक्टर आणि खरेदी अधिकारी. गोडबोल्याने लॅपटॉप जोडला, टाय सारखा केला, बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. नेटवर्कची एक काडीसुद्धा नाही. ज्याच्या जिभेला हाड नाही त्या माणसाला चित्राशिवाय एक वाक्य सुचेना. “दोनच मिनिटं हं,” म्हणाला आणि मोबाइल वर धरून जो बाहेर पडला, तो पंचवीस मिनिटं गायब.

खरेदी अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. “पुढची कंपनी बाहेर बसलीय. उरकायचं का?”

हिला कळलं, इथून उठलो की संपलं, पुन्हा ‘तात्पुरती’. ती उभी राहिली.

“चित्र नाही, पण बूट आहे. बूट बघा ना.”

“मी तेच म्हणतेय मघापासून,” मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी डावा बूट चढवला, नाडी बांधली आणि हात पुढे केला. “दुसरा द्या.”

दुसरा नव्हता. तुमचंच परिपत्रक, नमुने फक्त डाव्या पायाचे पाठवायचे.

“आमच्याकडे एकाच पायाचा नमुना देतात, बाई.”

“का बरं?”

तिला खोटं सुचलं नाही. “चोरीला जाऊ नये म्हणून.”

“म्हणजे आम्ही चोर?”

डॉक्टर हसले. मेट्रनबाई हसल्या नाहीत. नाडी सोडायला त्या वाकल्यासुद्धा. तेवढ्यात ही खाली बसली आणि तिने स्वतःच्या उजव्या पायातला बूट काढला. झीज किती झालीय ते कारखान्यात तपासायला त्या दिवशी तिने ताईचाच जोड घातला होता, त्याच साच्यावरचा, त्याच मापाचा.

“हा घ्या. माझी बहीण चार महिने वॉर्डात वापरतेय. आत वास येईल, माफ करा.”

“वासाचं मला सांगता? तीस वर्षं वॉर्डात काढलीत!”

मेट्रनबाई दोन बूट घालून बाहेर पडल्या. बोळातून टोकापर्यंत गेल्या, जिना चढल्या, उतरल्या. आल्या त्या हसतच. “तुमचे साहेब जिन्यात आहेत. हॅलो हॅलो चाललंय.” मग गंभीर झाल्या. “टाचेला सुख आहे. पण इथं, करंगळीपाशी, रुततंय.”

गोडबोल्या असता तर म्हणाला असता, वापरून सैल होईल. हिने पिशवीतली रापी काढली, डावा नमुना टेबलावर ठेवला आणि उभा चिरला. आतली गादी, अस्तर, शिवण, सगळं उघडं केलं. “ही शिवण रुततेय. अर्धं बोट मागे घेते. मग नाही रुतणार.”

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ आले. “ओल्या फरशीवर घसरतो का?”

“नवा असताना जरासा. आठवडाभराने नाही.”

“हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” खरेदी अधिकारी म्हणाला आणि लिहायला लागला.

शेवटी गोडबोल्या घामाघूम होऊन आला. “नेटवर्क मिळालं! सुरुवात करू या?”

“अहो, झालं की,” मेट्रनबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी काम मिळालं. फलकावर गोडबोल्याचा पुष्पगुच्छासह फोटो लागला. आणि हिच्या हातात नोटीस पडली. मंजूर सादरीकरण डावललं, नमुन्याची नासधूस केली, ग्राहकांसमोर अनवाणी उभी राहून कंपनीची अप्रतिष्ठा केली. सबब कायम करण्याचा विचार स्थगित.

ताईने ती दोनदा वाचली. “अनवाणी? एक बूट तर होता ना पायात?”

“होता.”

“मग अर्धीच अप्रतिष्ठा झाली म्हणून लिही.” आणि मग हसता हसता ताईचा आवाज चढला. “मेल्यांनो, जिन्यात लपून बसला त्याला हार, आणि हिला नोटीस? अगं, गप्प नको बसूस या वेळी!”

ती गप्प बसली नाही. तिचा खुलासा तुमच्या टेबलावर येऊन तीन आठवडे झाले. रापी चालवली, हो. बूट काढून दिला, हो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन, असंही तिने लिहिलंय. खाली स्वच्छ अक्षरात सही आहे.

बाराशे जोडांचं चामडं आज तिच्याच टेबलावर कापलं जातंय, तात्पुरत्या हजेरीवर. मॅनेजर म्हणतात, शब्द मी दिला होता, पण वरून अडलंय. वरून म्हणजे कुणाकडून? त्या खुर्चीवर माणूस बसतो ना? मग त्याचं नाव सांगा, आणि तिला कायम करणार की नाही, तेवढं एका शब्दात सांगा.