मंगलची किडनी

मंगलनं नवऱ्याला स्वतःची किडनी दिली त्याला दीड वर्ष झालं, आणि या दीड वर्षात तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. एकदा दिली, सुटलो, असं असतं तर काय हवं होतं. पण धनाजीच्या शरीराला ती किडनी परकी. शरीरानं तिच्यावर तुटून पडू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या तीन तऱ्हेच्या गोळ्या, त्याही जन्मभर. त्यातली टॅक्रोलिमस तर सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला. गर्दीत जायचं नाही, उघड्यावरचं खायचं नाही, सर्दीचा पाहुणा आला की मंगलनंच वाईटपणा घेऊन त्याला दारातनं वाटेला लावायचं. लोणंदची नणंद सुलाबाई भावाची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घेऊन आली, तर मंगलनं तो तिच्यादेखत मोरीत ओतला. तेव्हापासून सुलाबाई बोलत नाही. नाही तर नाही.

एवढं करून आज कोरेगावहून सांगलीच्या दवाखान्यात यावं, तर डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "क्रिएटिनिन वाढलंय. रक्तात टॅक्रोलिमस फारच कमी आहे. शरीर किडनी नाकारायला लागलंय. गोळ्या चुकल्या का?"

"न्हाई," धनाजी म्हणाला. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, ताठ बसून खोटं बोलत होता. मंगलनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"टॅक्रोची तेवढी," तो खाली बघून म्हणाला. "आठ दिवस. परवापर्यंत. त्या गोळीनं हात लय थरथरतोय, डॉक्टर. सव्वीस जानेवारीला शाळेतला झेंडा माझ्या हातनं व्हता. छातीवर मेडलं लावून सलामी द्यायची, आन सगळ्या गावादेखत हात असा लटलटणार? ही माझ्या हातावर गोळी ठेवून पाण्याला वळली, की मी ती खिशात टाकायचो."

रडावं की याच्या डोक्यात तांब्या घालावा, मंगलला कळेना.

"झाली का सलामी चांगली?" तिनं विचारलं.

"व्हय."

डॉक्टरांनी त्याला लगेच भरती केलं. तीन दिवस शिरेतून स्टेरॉईड द्यायचं. किडनी वाचते का, ते मग कळणार होतं. नर्सनं गोळ्या आणून दिल्या. मंगलनं त्या त्याच्या हातावर न ठेवता थेट जिभेवर ठेवल्या, पाणी पाजलं, तोंड परत उघडायला लावून आत बघितलं.

"चुकलं गं," धनाजी म्हणाला.

"चुकलं म्हणून आता काय करू?" मंगल म्हणाली. "आवं, माज्याकडं द्यायला दुसरी न्हाई."