फळ्यावरचं दार

"अहो, चेहऱ्यावर स्टिकर लावलाय की!" साहेब म्हणाले, आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

स्टिकर होता, खोटं कशाला बोला. पिवळा, गोल, हसऱ्या तोंडाचा. वस्तीच्या आरोग्य केंद्रात ब्लडप्रेशर मोजायला आलेली माणसं ज्या बाकावर बसतात, त्याच्या बरोब्बर समोर साहेबांनी काचेचा, कुलपाचा फळा टांगला होता. वर ठळक अक्षरांत 'एचआयव्ही विभाग : या महिन्याच्या गृहभेटी'. खाली बावीस फोटो. प्रत्येक फोटोत एक दार, दारात एक पेशंट, पेशंटच्या तोंडावर तो पिवळा हसरा गोळा, आणि कोपऱ्यात विभागाची लालभडक पिशवी खांद्याला अडकवलेली मावशी. तोंड तेवढं झाकलं आणि घरदार चव्हाट्यावर मांडलं! आणि म्हणे गुप्तता पाळली.

मावशी केंद्राची घरोघर फिरणारी बाई. गोळ्यांची तारीख चुकली की पेशंटच्या घरी जायचं, काय अडलंय ते विचारायचं, समजूत घालून परत आणायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं तिनं ते कसं केलं असेल? पिशवी न घेता. वाण्याकडे जायचं तर साबण घ्यायला. शिकवणीवाल्या बाईंकडे जायचं तर भाचीच्या अभ्यासाची चौकशी करायला. आणि शिंपिणीकडे जायचं तर उसवलेला झगा घेऊन. त्या एका झग्याची बाही मावशीनं स्वतःच्या हातानं कितीदा उसवली आणि शिंपिणीनं कितीदा शिवली, याला गणती नाही. "मावशी, कापड संपलं आता, नुसता दोराच उरलाय," असं म्हणून शिंपीण हसायची. गिऱ्हाइकं बसलेली असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.

मग हे नवे साहेब आले. भेट झाली याला पुरावा काय, म्हणाले. पिशवी घेऊन दारात उभं राहा, पेशंटसकट स्वतःचा फोटो काढा, नाहीतर भेट धरणार नाही. खुर्चीत बसून हुकूम सोडायला काय जातंय! पण मावशीनं तरी काय केलं? दोन दिवस कुरकुर केली आणि मान तुकवली. फोटो फाईलमध्ये राहतील असं साहेब म्हणाले होते, तिनं ते खरं मानलं. फळा लागला त्या दिवशी ते पिवळे हसरे गोळे बघून ती स्वतःसुद्धा फिसकन हसली होती. हे तिला नंतर फार लागलं.

शिंपिणीला सातवा महिना होता. लग्नाआधीपासून ती गोळ्या घेत होती, एक दिवस चुकवत नव्हती, रक्तात विषाणू सापडूही नये इतका कमी झाला होता. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो गॅरेजमध्ये मेकॅनिक, दर सहा महिन्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यायचा आणि "मावशी, मी पुन्हा पास," असं सांगून जायचा. बाळालाही काही होणार नाही, गोळ्या तेवढ्या चालू ठेव, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सासूला.

सासू ब्लडप्रेशर दाखवायला आली. बाकावर बसली. समोर बघायला दुसरं होतंच काय? चौथ्या ओळीत तिला हिरवं दार दिसलं. दारावर पाटी, 'येथे कपडे शिवून व बेतून मिळतील'. पाटीवरचं अक्षर तिचं स्वतःचं होतं.

त्या दिवशी तिनं काय केलं? सुनेचं ताट-वाटी वेगळं काढलं. शिलाई मशीन पडवीत नेऊन ठेवलं. गोळ्यांची डबी मोरीत रिकामी केली. ताटातून, कपातून, शिवलेल्या कपड्यातून हा आजार कुणाला होत नाही, हे सांगायला तिचा लेक तोंड उघडणार तोवर शेजारणी आपापलं न बेतलेलं कापड परत मागायला दारात हजर!

"केंद्रातून नव्या गोळ्या नेल्या मी," मेकॅनिक मावशीला सांगत होता, हात ग्रीसनं काळे, डोळे सुजलेले. "ती हात लावत नाही. म्हणते, माझं दार तिथं टांगलंय तोवर त्या केंद्राची गोळी तोंडात घालणार नाही. नऊ दिवस झाले, मावशी. बाळाचं काय होईल हो?"

म्हणून मावशी साहेबांसमोर उभी होती.

"तो एक फोटो काढा, साहेब. बाई पोटुशी आहे. गोळ्या बंद झाल्यात."

"एक काढला तर एकवीस राहतील. अहवालात बावीस आहेत. पुढच्या आठवड्यात पाहणी आहे, आणि फळ्याची किल्लीही सापडत नाहीये, नंतर बघू. अर्ज देऊन ठेवा."

"अर्ज? पोटातल्या पोराला सांगू का, थांब बाबा, अर्ज दिलाय म्हणून?"

"मावशी, भावनेच्या भरात बोलू नका. फोटोत नाव नाही, चेहरा नाही. नुसत्या दारावरून कोण ओळखणार आहे?"

मावशीनं अर्ज दिला. काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं, तर अर्ध्या तासात शिपायानं ते खरवडून काढलं, साहेबांचा हुकूम म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, पण प्रशासन माझ्याकडे नाही. सगळ्यांनी हात झटकले. मावशीला रात्रभर डोळा लागला नाही. संताप साहेबांवर होता, आणि तेवढाच स्वतःवर.

सकाळी ती लाल पिशवी खांद्याला अडकवून साहेबांच्या घरी गेली. घंटी वाजवली नाही. बंद दारापुढे उभी राहिली, फोटो काढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा करून घेतला आणि केंद्रात येऊन काचेवर, हिरव्या दाराच्या बरोब्बर वर, डिंकानं पक्का चिकटवला. नाव नाही, चेहरा नाही. कोपऱ्यात लाल पिशवीवाली मावशी, बाकी नुसतं तपकिरी दार आणि पितळी सिंहाच्या तोंडाची कडी.

बाकावर सातआठ माणसं होती. त्यातला म्हातारा सुतार चष्मा सारखा करून पुढे वाकला.

"अरेच्चा! हा सिंह तर मीच बसवलाय. साहेबांच्या घरचं दार की हे!"

बाकावर कुजबुज सुरू झाली. कुणाला झालाय? त्यांच्या बाईंना? की साहेबांनाच? एकीनं तर साहेब हल्ली वाळलेतच म्हणून सांगून टाकलं.

साहेब आले ते तांबडेलाल होऊन. "कुणी लावलं हे? लाज आहे का काही? माझी बायको, माझी मुलं या वस्तीत राहतात! लोक काय म्हणतील?"

"नाव कुठंय साहेब त्यात?" मावशी म्हणाली. ती जागची हटली नाही. "चेहरा कुठंय? नुसत्या दारावरून कोण ओळखणार?"

साहेबांनी शिपायाला हाक मारली. जी किल्ली काल सापडत नव्हती, ती त्यांच्याच खिशातून निघाली. फळा भिंतीवरून उतरला, फोटो फाडले गेले. पाच मिनिटं लागली. शिंपिणीच्या दाराला अर्ज, अहवाल आणि पाहणी, आणि साहेबांच्या दाराला पाच मिनिटं! वर मावशीला खुलासा मागणारी नोटीस मिळाली ती वेगळीच.

दुपारी मावशी गॅरेजच्या मागच्या खोलीत गेली. टायरांच्या चळतीशेजारी स्टुलावर शिंपीण बसली होती, पोटावर हात ठेवून. नवऱ्यानं डबी पुढे केली. तिनं एक गोळी काढली, पाण्याच्या बाटलीतून घोट घेतला आणि गिळली. मेकॅनिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"उद्या रक्त देऊन ये," मावशी म्हणाली. "अजून दोन महिने हातात आहेत, पोरी. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता खंड पडू दिला नाहीस तर..."

"दुसऱ्या केंद्राची चिठ्ठी आणलीत?"

मावशीनं चिठ्ठी दिली. तिनं ती वाचली, दोनदा घडी घातली.

"तिथून घेईन गोळ्या. रोज घेईन. तुम्ही आता यायचं नाही. बाळ झाल्यावरसुद्धा नाही."

"नाही येणार."

"एकच विचारायचं होतं. फोटो काढताना ती पाटी दिसली नव्हती का तुम्हाला?"

साहेबांना तोंडावर उत्तर देणारी मावशी. तिला खोटं बोलता आलं असतं. घाई होती, उन्हाची तिरीप होती, काहीही.

"दिसली होती," ती म्हणाली. "नीट यावी म्हणून मी दोन पावलं मागे गेले होते."