मोती छाप ऑईल

मोतीलाल शेठच्या जीपखाली उताणं पडून नत्थूजींनी नट सैल केला आणि घमेलं धारेखाली सरकवलं. काळं ऑईल घमेल्यात पडू लागलं. सवयीनं त्यांनी धारेत दोन बोटं धरली, अंगठ्यावर घासली आणि सावकाश वेगळी केली. बोटांमध्ये बारीक तार धरली गेली. पाच महिने जीप पळालेली, आणि ऑईल अजून तार धरतं, म्हणजे माल उत्तमच म्हणायचा. नत्थूजींना एकदम हायसं वाटलं. शेठ खोटे नव्हते.

कारंजा घाडगेला हायवेच्या कडेला नत्थूजींचं गॅरेज होतं आणि रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, शेठचं स्पेअर पार्टचं दुकान. ब्याऐंशी सालच्या दिवाळीत शेठनी स्वतःचं ऑईल काढलं. लाल डबा, त्यावर शिंपल्यातला मोती, आणि किंमत कंपनीच्या ऑईलच्या जवळजवळ निम्मी. लोकांना ते घ्यायचं होतं आणि घ्यायची भीतीही वाटत होती. मग सगळे नेहमीप्रमाणे नत्थूजींकडे आले. नत्थूजी ऑईल बोटांवर घासत, हुंगत, एक थेंब वर्तमानपत्रावर टाकून डाग उन्हात धरून पाहत आणि मग 'घ्या' किंवा 'नका घेऊ' एवढंच बोलत. या एवढ्याशा बोलण्यावर अर्ध्या तालुक्यातली इंजिनं चालत होती, आणि नत्थूजींना त्याचा अभिमान होता. का नसावा?

तपासायचा डबा शेठ स्वतःच घेऊन आले होते. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून झाकणही फोडून आणलं होतं. नत्थूजींनी सगळं करून पाहिलं आणि म्हणाले, 'घ्या'. वर पदरचं एक वाक्य जोडलं की शेठ आपल्या जीपमध्ये हेच टाकतात. नत्थूजींच्या बायकोच्या, कोकिळाबाईंच्या पोटात आतडं अडकलं तेव्हा भर पावसात याच जीपनं शेठनी त्यांना नागपूरला पोचवलं होतं. बायको वाचली ती शेठमुळे. अशा माणसावर शंका घेणं नत्थूजींच्या मनालाही शिवलं नाही.

आणि आता दीड वर्षानंतर बाहेर बाकावर रूपराव बसले होते. ते आणि नत्थूजी एका गावचे, एका वर्गात मार खाल्लेले. भर वैशाखात रूपरावांच्या विहिरीवरचं इंजिन बसलं होतं आणि संत्र्याच्या बागेत लिंबाएवढी झालेली फळं रोज टपाटप गळत होती. सकाळच्या एसटीनं ते उरलेला अर्धा डबा घेऊन आले होते. या महिन्यात अशी तक्रार घेऊन आलेले ते तिसरे. नत्थूजींनी त्यांनाच झापलं होतं, की डब्यात पाणी गेलं असेल तुझ्या हातून, ऑईल तसं नाही. रूपरावांनी ऐकून घेतलं आणि ते बाकावर बसून राहिले.

नट पुन्हा आवळून, जीपखालून बाहेर येऊन हात पुसेपर्यंत नत्थूजींचा आनंद टिकला. मग त्यांची नजर बाकाशेजारच्या लाल डब्यावर गेली. सकाळी त्यांनी तो हुंगलासुद्धा नव्हता. खरं सांगायचं तर हुंगायची छाती झाली नव्हती.

त्यांनी डबा उचलला आणि दोन थेंब बोटांवर घेतले. बोटं वेगळी केली, पण तार धरलीच नाही. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, एका बाजूला जीपमधलं ऑईल टाकलं आणि दुसऱ्या बाजूला रूपरावांचं. जीपच्या ऑईलचा डाग काळा होता, पण गोल आणि दाट. दुसरा लगेच पसरला, कडेला पातळ आणि मध्ये काजळीचं वर्तुळ. जे ऑईल अजून इंजिनात गेलंच नव्हतं त्यात काजळी आली कुठून? जळकं ऑईल गाळून, रंग देऊन डब्यात भरलं होतं. पाण्यानं असा डाग पडत नाही, हे नत्थूजींइतकं कोणाला ठाऊक असणार.

तरीही मनात एक जागा शिल्लक होती. शेठनाच कोणी फसवलं असेल, एखादी खेप वाईट आली असेल.

तेवढ्यात शेठ रस्ता ओलांडून आले. हातात लाल डबा, झाकण फोडलेलं. जीपसाठी घरूनच आणलंय म्हणाले. प्रत्येक वेळी ते असाच उघडा डबा आणत, आणि नत्थूजी तोच इंजिनात ओतत आले होते. आज त्यांनी तो डबा हातात घेतला नाही. ते तसेच समोरच्या दुकानात गेले, फळीवरचा सील असलेला डबा उचलला आणि घेऊन आले. पेचकस ठोकून त्याला भोक पाडलं आणि डबा जीपच्या इंजिनावर तिरका केला.

शेठनी इंजिनाच्या तोंडावर तळहात ठेवला.

"राहू द्या, नत्थूभाऊ."

"काऊन? डबा तर तोच आहे."

शेठनी हात काढला नाही. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ऑईलचा थेंब पडला तरी काढला नाही. नत्थूजी त्या हाताकडे पाहत राहिले. रागानं त्यांचे कान तापले होते, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"तीन इंजिनं बसले, शेठ. लोकं माह्या भरोशावर घेत होते."

"मंग?" शेठ हळू आवाजात म्हणाले. "मी कोणाले म्हटलं का हे चांगलं आहे? मले कोणी पुसलंच नाई. तुमाले पुसत होते, तुमीच सांगत होते."

शेठ बोलले ते शब्दन् शब्द खरं होतं. दीड वर्ष हा माणूस समोरच्या दुकानात बसून माझी बोटं विकत होता, आणि मी त्याचे उपकार आठवत बसलो.

"जीप न्या," ते म्हणाले.

"ऑईल टाकल्याशिवाय?"

"ढकलत न्या."

शेठनी दुकानातल्या दोन माणसांना हाक मारली. अमरावतीकडचे दोन ट्रक जाईपर्यंत ते थांबले आणि मग जीप ढकलत पलीकडे घेऊन गेले.

नत्थूजी बाकाशी आले. रूपरावांनी सगळं पाहिलं होतं आणि ऐकलंही होतं. नत्थूजींनी मान खाली घालून सांगितलं, की सकाळी मी तुला उगाच बोललो, पाणीबिणी काही गेलं नव्हतं. मग म्हणाले,

"उद्या सकाळीच येतो. इंजिन मी खोलतो. दिवस लागो का दोन, पाणी चालू करूनच वापस येईन."

रूपराव उठले. धोतराचा सोगा झटकला.

"नको. काल आर्वीच्या मिस्त्रीले सांगून आलो मी. तो आज येऊन राह्यला."

"कालच? मंग आज इथं काऊन आलता?"

"तुले हे मालूम होतं का नाई, तेवढं पाहाले आलतो."

"नव्हतं रे मालूम."

"हो. दिसलं मले."

नत्थूजी वाट पाहत राहिले. रूपरावांनी खांद्यावरचा शेला सारखा केला, लांबून येणाऱ्या एसटीकडे पाहिलं आणि म्हणाले,

"इंजिन तो आर्वीवालाच खोलन."